मिरगापतोरचा भोपळा

सोलापूर मागं टाकून कुंभारीच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला एक लिंबाचं झाड लागायचं, आणि त्या झाडाला भोपळे! लिंबाला भोपळे! वाळलेले, पोकळ, सुतळीनं टांगलेले चांगले पन्नास-साठ भोपळे, वारा सुटला की एकमेकांवर आपटून टकाटका वाजायचे. नवखा माणूस तिथं थांबायचाच. हे कसलं देवस्थान म्हणून हात जोडायचा. मग झाडाखाली बाजेवर बसलेली रंभाबाई पदर सारखा करत म्हणायची, "देव न्हाय बाबा, हीर हाय. पवायचं आसंल तर बुडीला पैसा. रोज यायचं आसंल तर भोपळा टांग."

झाडापलीकडं ती विहीर होती. चौकोनी, दगडी बांधणीची, एका अंगाला मोट ओढायची धाव, दुसऱ्या अंगाला पायऱ्या. पाणी मचूळ. प्यायला कुणी न्यायचं नाही, वांग्यांना आणि मिरच्यांना तेवढं चालायचं. आणि प्यायचं नाही म्हणूनच कुणी शिवलं काय नि बुडालं काय, कुणाला काही पडलेली नव्हती. दुसरीकडं विहिरीवर आधी जात विचारायचे, रंभाबाई आधी भोपळा विचारायची.

या भोपळ्यांची सुरुवात कोंडीबानं केली, रंभाबाईच्या नवऱ्यानं. कोंडीबा म्हणजे देवमाणूस आणि देवमाणसाशी संसार करणं किती अवघड असतं ते रंभाबाईला विचारावं! कुणीही आलं की हा पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि "पाय हलीव रं" म्हणत त्याला पाण्यात ढकलून द्यायचा. पैसे? छे! पहिल्या उन्हाळ्यात त्यानं निम्म्या कापडगिरणीला पोहायला शिकवलं आणि मिळवलं काय, तर बिड्या. शिकणारे लोक भोपळा घरी कशाला न्या म्हणून झाडालाच टांगून जायचे. रंभाबाईनं ते टांगलेले भोपळे बघितले आणि तिच्या डोक्यात लख्खकन काहीतरी पेटलं. ज्याचा भोपळा झाडावर आहे तो उद्या येणार. परवा येणार. म्हणजे त्यानं सगळा उन्हाळाच इथं टांगून ठेवलाय की!

दुसऱ्या वर्षापासून तिनं रीत पाडली. धुळवडीच्या दिवशी झाडाच्या बुंध्याला हळद लावायची, बुंध्यावर हात ठेवायचा आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलायचं, "ज्याचा भोपळा झाडावर, त्याला मिरगापतोर पाणी मोकळं." मग भोपळे टांगायचे, ते पावसाचं मृग नक्षत्र लागेपर्यंत. शिमग्याला टांगला तर सहा आणे, पाडव्यानंतर आठ, आणि वैशाखातली आखिती झाली की बारा.

कोंडीबाला हे कधीच कळलं नाही. दरवर्षी तेच भांडण.

"आगं, दिस कमी ऱ्हायले की दाम कमी व्हायला पायजे. तू वाढीवतीस! ही कुटली रीत?"

"आवो, आखितीला डोस्कं तापल्यालं आसतंय. तापल्यालं डोस्कं दाम इचारत न्हाय. शिमग्याला पहाटंची थंडी वाजतीया, तवा मानसाला उन्हाळा आटवून द्यावा लागतुय. फुकट आटवतंय व्हय कुनी?"

"आन् आदी कशाला घ्यायचं पैसं?"

"मोटंचं कातडं आदी घ्यायचं आसतंय म्हनून!"

ते खरंच होतं. नवी मोट, नवा नाडा, पायरीचा निखळलेला दगड, सगळा खर्च उन्हाळ्याच्या आधी यायचा आणि पोहणारा पैसा उन्हाळ्यात. भोपळ्यानं ती फट बुजवली होती. शिवाय रंभाबाईला माणसाची एक गंमत कळली होती. रोज येईन म्हणून भोपळा टांगणारे निम्मे लोक रोज येतच नाहीत! कोर्टातल्या एका कारकुनानं तीन वर्षं भोपळा टांगला आणि तीन वर्षांत तो दोनदा पोहला असेल. पण शिमग्याला पहिला नंबर त्याचाच. वाटेनं जाताना वर बघायचा, आपला भोपळा दिसला की छाती फुगवून पुढं जायचा, जणू आत्ताच चार फेऱ्या मारून आलाय.

असं सगळं छान चाललेलं. आणि आला चौतीस सालचा शिमगा.

धुळवडीच्या सकाळी रंभाबाईनं हळद लावली, हात ठेवला, शब्द बोलून मोकळी झाली, तोच वाटेवरून एक प्रचंड मोठा भोपळा चालत येताना दिसला. भोपळ्याखाली माणूस होता, पण तो नंतर दिसला. मडिवाळप्पा. अक्कलकोटकडचा, गिरणीत मागावर काम करणारा, अंगानं काडी आणि जिभेनं तलवार. डोक्यावर त्यानं भीमेकाठचा भोपळा घेतलेला, वीणेला लावतात ना, तसला. एखादं पोर आत बसेल एवढा.

"अक्का, काय म्हणालीस? परत बोल की."

"ज्याचा भोपळा झाडावर त्याला मिरगापतोर पाणी मोकळं. ऐकू येत न्हाय व्हय तुला? मागाच्या आवाजानं कान गेलं?"

"ह्यो घे सहा आणे. टांगू?"

"टांग की. फांदी मोडू नगंस म्हंजी झालं."

मडिवाळप्पानं भोपळा टांगला, दोन पावलं मागं सरला, तोंडात बोटं घातली आणि शिट्टी मारली. तशी शेराच्या कुंपणामागून एक डोकं वर आलं. मग दुसरं. मग तिसरं. बघता बघता त्याच्या चाळीतले सोळा जण खांद्यावर पंचे टाकून रांगेत उभे!

"हे कोन?" रंभाबाई म्हणाली.

"भोपळ्याचे मालक, अक्का. सगळ्यांनी मिळून घेतलाय. तू म्हणालीस ज्याचा भोपळा. ह्यो आमच्या सतरा जणांचा."

पाच वर्षं रंभाबाईनं तेच वाक्य म्हटलं होतं आणि पाच वर्षांत कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं! आणि आता हळद ओली होती, हात बुंध्यावरून निघाला पण नव्हता, झाडाखाली शंभर माणूस ऐकत उभं. कोंडीबा तर हसून हसून धावेवर आडवा झाला.

"हसा! हसा तुमी! सतरा गडी सहा आन्यात!"

"मी न्हाय हसत," कोंडीबा डोळे पुसत म्हणाला. "खोकला आला."

शब्द तर फिरवता येत नव्हता. "जावा, उडी मारा," रंभाबाई मडिवाळप्पाला म्हणाली, "पर फुडच्या माणसाला आत्ताच सांगते, ह्याच्यानंतर एक भोपळा एक डोस्कं!" आणि त्या दिवशी ती कुणाशी नीट बोलली नाही. रात्री भाकरी थापताना पण तिच्या तोंडून मधूनच निघायचं, "सतरा!"

बरं, येताना तरी एकेक यावं! सकाळी दुसऱ्या पाळीचे, दुपारी गिरणीचा भोंगा झाला की पहिल्या पाळीचे. कधीही बघावं तर त्या भोपळ्याचा कुणी ना कुणी मालक पाण्यात हजर. सहा आण्यांतला एक आणा पण त्यांनी वाया घालवला नाही.

आणि वरून तसल्यातच हिंदुराव उगवला.

हिंदुराव कोंडीबाच्या भावकीतला, पण पैशानं शंभर पावलं पुढं. नाक्याजवळ त्याची मोठी विहीर, तिच्यावर नवीन तेलाचं इंजान, आणि इंजानाच्या नळातून पडणारी पाण्याची हातभर जाड धार. त्या धारेखाली बसायला लोक नुसते वेडे झाले होते. हिंदुरावानं काय केलं, मेव्हण्याची विहीर जोडीला घेतली, आणखी एका ओळखीच्याची घेतली, आणि छापखान्यातून पिवळे पास छापून आणले. एक पास, तीन विहिरी, दीड रुपया. कुठंही जा, कुठंही बुडा!

पैसा देऊन बुडी मारणारी गिऱ्हाइकं दोन दिवसांत तिकडं पळाली.

"बघा," रंभाबाई कोंडीबाला म्हणाली, "आपल्याकडं आता फकस्त भोपळं."

"मंग? ते हायती न्हवं का?"

"भोपळ्याचं पैसं मोटंत गेलं की ओ! आता रोजचं तेल-मीठ कुटनं आनायचं?"

"वांगी इकू."

वांगी विकायची म्हणजे वांग्यांना पाणी हवं, आणि चैत्र लागताच पाणीच खाली जायला लागलं. आदल्या साली पाऊस जेमतेम झालेला. विहिरीच्या बांधकामात खाली एका दगडावर कासव कोरलेलं होतं. कासवाची पाठ दिसली की उड्या बंद, असा कोंडीबाच्या बापापासूनचा नेम. त्या साली आखितीच्या आधीच कासव पाय, पोट, शेपटीसकट बाहेर येऊन बसलं. पोहणारे आता पोहत नव्हते, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून एकमेकांकडं बघत होते. पाय टेकला की गाळ पोटरीपर्यंत.

मिरगाला अजून महिना होता.

रंभाबाईला घास जाईना. पैशाचं नाही हो, पैसा काय येतो जातो. पण शब्द! हात ठेवून बोललेली होती ती. मिरगापतोर. या वाटेवर तिची ओळख काय होती? रंभाबाई म्हणजे जे बोलली ते करणारी. तेवढंच. पाणी संपलं तर पुढच्या शिमग्याला कोणत्या तोंडानं बुंध्याला हळद लावायची?

"उद्यापासनं मोट बंद," ती म्हणाली.

कोंडीबा चपापला. "आगं, वांगी जळतील की!"

"जळू द्या. वांग्यांना म्या शब्द दिला न्हाय."

मोट बंद झाली. वांगी माना टाकायला लागली. पाणी तरी आणखी खालीच जात चाललं. आणि एक दिवस सकाळी हिंदुराव छत्री उघडून दारात.

"वैनी, पाणी कसं काय?"

"बघितलंय की तुमी वाकून. कशाला इचारताय भावजी?"

हिंदुराव हसला. माणूस वाईट नव्हता, फक्त सगळं जग आपल्या पिवळ्या पासावर मावतं असं त्याला वाटायचं. "आसं करू. तुमचे भोपळेवाले माझ्या हिरींवर येऊ द्यात. मिरगापतोर, फुकट. तुमचा शब्द पाळला जाईल. पर फुडच्या सालापासनं तुमची हीर माझ्या पासात. चार हिरी, एक पास. दाम मी ठरवणार, तुमाला वाटा देईन. आन् हे भोपळे-बिपळे बंद. लोक हसतात, वैनी."

कोंडीबा काही बोलणार तेवढ्यात रंभाबाईनं त्याच्याकडं बघितलं.

"सांजच्याला सांगते," ती म्हणाली.

दिवसभर ती बाजेवर बसून राहिली, वर बघत. पन्नास-साठ भोपळे. कारकुनाचा लांबट, चुन्याची रेघ मारलेला. तेलंग्याच्या आळीतल्या विणकरांचे, लाल सुतळी बांधलेले. आणि मधोमध तो प्रचंड धटिंगण! हिंदुरावाचं बोलणं वाईट नव्हतं. शब्द राहत होता. विहीर जात होती, पण विहिरीत होतं तरी काय, गाळ! दुपारचा भोंगा झाला, लोक यायला लागले, आणि तिनं उठून एकदम सगळ्यांना सांगून टाकलं. डोळे भरून आलेले, आवाज मात्र चढवलेला.

"पाणी सपलंय. आपापलं भोपळं उतरवा. उद्यापासनं हिंदुरावाच्या हिरीवर जावा, तितं तुमाला मोकळं हाय. सांजच्याला म्या त्यास्नी व्हय म्हनून सांगते."

कुणी हललं नाही. मग तिनं स्वतःच काठी घेतली आणि भोपळे उतरवायला लागली. कारकुनाचा उतरवला. तो नेमका त्या दिवशी आलेला होता, तीन वर्षांत तिसऱ्यांदा! त्यानं भोपळा हातात घेतला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि हळूच जाऊन परत टांगला.

"आवो, काय करताय?"

"राहू द्या हो," कारकून लाजत म्हणाला. "जाता येता दिसला की बरं वाटतं."

रंभाबाईनं मग मोठ्या भोपळ्याला काठी लावली. तो काही निघेना. खाली मडिवाळप्पा हाताची घडी घालून उभा.

"अय्यो अक्का, आमच्या भोपळ्याला कशाला टोचतीस?"

"पाणी न्हाय बाबा. कळत न्हाय का तुला?"

"पाणी न्हाय हे कळतंय. पण तुजा शब्द काय होता? पाणी मोकळं, म्हणालीस. पाणी कुणी मोकळं करायचं, ते कुटं सांगितलं होतंस?"

"म्हंजी?"

मडिवाळप्पानं विहिरीकडं हनुवटी केली. "खाली गाळ किती हाय? पुरुषभर. झरा त्याच्याखाली मेलेला न्हाय, दबलाय. रोज पाय टेकवतोय आमी, तळव्याला गार लागतंय की एका कोपऱ्यात. काय रे?"

"हौदू!" सोळा जणांतले जेवढे तिथं होते तेवढे कानडीत होय म्हणून ओरडले.

"दहा वर्सं गाळ काढला न्हाय," कोंडीबा हळूच म्हणाला. "गडी लावायला परवडत न्हवतं."

"गडी कशाला लावतोस, अण्णा? सतरा हाईत की. सहा आण्यात सतरा गडी कुटं मिळतात?" मडिवाळप्पानं पंचा कमरेला बांधला. "पहिल्या पाळीचे दुपारी, दुसऱ्या पाळीचे सकाळी. येतोच आमी तसं बी. पवायच्या जागी घमेलं."

ज्या गोष्टीसाठी रंभाबाई दोन महिने चरफडत होती तीच, तीच अगदी! कधीही बघा, त्या भोपळ्याचा कुणी ना कुणी मालक विहिरीत हजर.

"मंग खोरी कुटं हायती?" ती एकदम कोंडीबावर खेकसली. "हुबं काय ऱ्हायलाय बघत!"

आणि काय सांगावं! दुसऱ्या दिवशी सकाळपासून धावेवर मोट सुरू झाली, पाण्याची नाही, गाळाची. खाली मडिवाळप्पाचे लोक घमेली भरून मोटेत टाकतायत, वर कोंडीबा बैल हाकतोय, विणकर काठावर साखळी करून गाळ लांब नेऊन टाकतायत. कारकून पण आला. धोतर गुडघ्याच्या वर खोचून, एका वेळी अर्धंच घमेलं उचलायचा, पण उचलायचा! रंभाबाईनं कासोटा मारला आणि पायऱ्या उतरून स्वतः गाळात उभी राहिली.

"अक्का, वर जा. पाय घसरंल."

"गप. माझी हीर हाय. तू सहा आन्याचा सतरावा भाग, मला शिकीवतूयस?"

विहिरीत असा हशा घुमला की वरचे बैल बुजले.

गाळातून काय काय निघालं! फुटक्या घागरी, एक पितळी तांब्या, कोंडीबाची लग्नातली अंगठी. ती तिनं बघितली आणि त्याच्याकडं बघितलं. "चोरीला गेली म्हणाला हुता न्हवं?" कोंडीबाला परत खोकला आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी, कोपऱ्यातल्या मुरमाच्या भेगेत मडिवाळप्पानं पहार घातली आणि काढली, आणि पहारेमागून पाणी आलं. मनगटाएवढं. गार. मडिवाळप्पा ओरडला, "यव्वा!" आणि तोंडावर पाणी मारून घेत तिथंच बसला. दोन दिवसांत कासवाचे पाय बुडाले. आणखी दोन दिवसांनी पाठ. संध्याकाळी कोंडीबा धावेच्या टोकावर उभा राहिला, खाली बघितलं, आणि या साठीच्या म्हाताऱ्यानं धाडकन उडी टाकली. रंभाबाईच्या अंगावर पाणी उडालं तशी ती रागावायच्या ऐवजी खदाखदा हसत सुटली.

हिंदुरावाला जबाब द्यायचा राहूनच गेला होता. तो मागायला आला आठ-दहा दिवसांनी, छत्रीखाली घामानं निथळत. तोवर लोकांकडून ऐकायला आलंच होतं. इंजानानं त्याच्या विहिरीचं पाणी उसाला ओढून खलास केलं होतं. पिवळे पासवाले नाक्याच्या विहिरीवर गेले की त्यांना मेव्हण्याच्या विहिरीवर पाठवायचे, तिथून तिसऱ्या विहिरीवर, आणि तिसरीवर सांगायचे, नाक्यावर बघा. बिचारे पंचे खांद्यावर टाकून सगळं सोलापूर फिरत होते!

"गाळ का काढला न्हाय भावजी?"

"काढायला येतंय कोन?" हिंदुराव बाजेवर मटकन बसला. "म्हनतात, दुसऱ्या हिरीवर जाऊ की. दीड रुपया देऊन एक जण खोरं धरंना."

"तीन ठिकाणचा पाहुणा," मडिवाळप्पा पाण्यातून म्हणाला, "एका बी घरी भांडी घासत न्हाय."

हिंदुरावानं पाण्याकडं बघितलं. हिरवंगार, काठोकाठ नाही पण पुरुषभर नक्की, आणि त्यात वीस-पंचवीस डोकी डुंबतायत. त्यानं छत्री मिटली. "वैनी, त्ये पासाचं ऱ्हाऊ द्या. एक बुडी मारू का? अंग जळतंय नुसतं."

"मारा की. भोपळा कुटंय?"

"मला भोपळा?"

"आखिती झाली. बारा आनं. आन्..." रंभाबाईनं काठावर राहिलेल्या गाळाच्या ढिगाकडं बोट केलं, "धा घमेली. त्यो तिकडं बांधाला टाकायचा."

हिंदुरावाला वाटलं चेष्टा आहे. मग तिच्या तोंडाकडं बघून कळलं की नाही. त्यानं रुमाल काढला, डोक्याला बांधला, आणि सगळ्या विहिरीसमोर, भावकीतला हा मोठा माणूस, घमेलं उचलून चालायला लागला. पाण्यातले सगळे मोजत होते, मोठ्यानं, मुद्दाम चुकवत. चारानंतर परत तीन!

मिरगाच्या दिवशी रंभाबाईनं झाडाखाली सगळ्यांना गूळ-शेंगा वाटल्या. भोपळे उतरवले, ज्याचे त्याला दिले. शब्द पुरा झाला होता. मडिवाळप्पाचा भोपळा फांदीत पक्का अडकलेला, तो सोडवायला चौघं लागली. तो डोक्यावर घेऊन तो वाटेला लागला, मागं सोळा जण, आणि लांबून बघितलं तर परत भोपळाच चालत निघालेला.

"फुडच्या साली काय करायचं मंग?" कोंडीबानं विचारलं. "एक भोपळा एक डोस्कं?"

रंभाबाई वळणाकडं चाललेल्या त्या भोपळ्याकडं बघत होती.

"न्हाय. एक भोपळा, कितीबी डोस्की. शिमग्याला सहा आनं आन् डोस्क्याला धा घमेली."

"आगं, मंग समदी मोठालंच भोपळं आनतील की!"

"आनतील कुटनं? बाजारात घ्यायला गेलं तर रुपया पडतुय एकेकाला," ती म्हणाली. "जावा, मडिवाळप्पाला हाक मारा. त्याच्या भोपळ्यात बिया वाजत हुत्या. मूठभर मागून आना. कुंपनाला लावू. मंग समदी आपल्याकडनंच इकत घेतील."

कोंडीबा धावत सुटला.

"आन् आवो!" ती मागून ओरडली. "फुकट आनू नगा. त्याला म्हनावं, फुडच्या साली तुजी घमेली माफ!"